मोटरसायकलची चेन साफ करताना इंजिन चालू ठेवून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली तर चालते का?

आपला प्रश्न दुहेरी आहे. गाडी मेन स्टँडवर घेऊन पहिल्या गिअरमध्ये स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, चालू ठेवायची आणि फिरत्या चेनवर फडके धरायचे, म्हणजे पाच मिनिटांत चेन स्वच्छ होते असे अनेक व्हिडिओंत दाखवतात, ते सुरक्षित आहे का, हा पहिला भाग. आणि चेनला तेल कोणते लावावे, हा दुसरा. पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ एवढेच आहे आणि ते मी उजव्या हाताच्या साडेचार बोटांनी टंकत आहे.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या एका बोळात आमचे दुचाकीचे गॅरेज होते. होते म्हणजे अजूनही आहे, पण आता ते माझे पुतणे पाहतात आणि मी वेगळा झालो आहे. गॅरेज थोरल्या बंधूंनी, म्हणजे आमच्या दादांनी, उभे केले. दादा कोणत्याही शाळेत हे काम शिकले नाहीत. लेथवर हेल्पर म्हणून लागले आणि तिथून इंजिनापर्यंत पोहोचले. मी मात्र १९९१ साली आयटीआय करून त्यांच्या हाताखाली आलो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून आमच्यात एक न मिटणारा वाद होता, तो म्हणजे पुस्तक शहाणे की हात शहाणा. आयटीआयमधील आमचे निदेशक वर्गात शिरताना रोज एकच वाक्य म्हणत, “चालू यंत्रात हात नाही.” दादांचे म्हणणे असे, की ज्याचा हात बसलेला नाही त्याच्यासाठी ते वाक्य आहे.

१९९८ साली खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गॅरेजसमोर वीस-बावीस गाड्या उभ्या होत्या. दसऱ्याला गाडी धुऊन, चेनला तेल घालून, हार घालून पुजायची, त्यामुळे वर्षभर न फिरकलेले गिऱ्हाईकही त्या दिवशी उगवते. एका १०० सीसी टू-स्ट्रोक गाडीचे चेनकव्हर काढून बाजूला ठेवले होते. गाडी मेन स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये, स्लोला चालू होती आणि मी मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चक्राच्या, थोडे पुढे, चेनच्या खालच्या बाजूला, रॉकेलमध्ये भिजवलेले कॉटन वेस्ट, म्हणजे टाकाऊ सुताचा गोळा, धरून बसलो होतो. हे वेस्ट इचलकरंजीच्या मागांवरून किलोवर यायचे. स्वस्त असते, तेल चांगले शोषते, पण त्यातला धागा लांब असतो आणि तो तुटत नाही. त्यातला एक पदर चेनच्या रोलरमध्ये अडकला, त्याने वेस्टचा गोळा ओढला आणि गोळ्याबरोबर माझी तर्जनी. मला सर्वात जास्त आठवते ते हे, की इंजिनाचा आवाज बदलला नाही. गाडी तशीच फटफटत राहिली. किल्ली दादांनी येऊन बंद केली.

समोरच्या कोल्ड्रिंकवाल्याने स्टीलच्या पेल्यात बर्फ दिला आणि बोटाचे तुटलेले टोक कोणीतरी थेट त्या बर्फात टाकले. हे चूक आहे, आणि प्रत्येक गॅरेजमध्ये ते माहीत असायला हवे. तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड बंद करायचे आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बर्फाचा थेट स्पर्श झाला तर पेशी मरतात. जखमेवर हळद, ग्रीस, चहापूड यांतले काहीही न लावता स्वच्छ कापड घट्ट दाबून, हात वर धरून रुग्णालय गाठायचे. माझ्या बाबतीत फरक पडला नसता, कारण डॉक्टर म्हणाले की हे कापलेले नाही, चिरडलेले आहे, आणि चिरडलेले टोक जोडून उपयोग होत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या पान्यांना, पक्कडींना आणि कॉम्प्रेसरला हळदकुंकू लागले, झेंडूची फुले वाहिली गेली, आणि मी बँडेज बांधलेला हात छातीशी धरून प्रसाद वाटला.

दुसऱ्या कोणाला एक पेर म्हणजे किरकोळ वाटेल. मेकॅनिकचे तसे नसते. नट पहिल्या आट्यावर सरळ बसला आहे की तिरपा चढला आहे, हे पाना लावण्याआधी तर्जनीच्या टोकाला कळते. मला ते समजायला मधल्या बोटावर दोन वर्षे काढावी लागली आणि त्या दोन वर्षांत मी तीन गिऱ्हाइकांच्या क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाचे, आटे घालवले.

दादांचा युक्तिवाद त्या संध्याकाळपासून आजपर्यंत एकच आहे: “वेस्ट सैल धरलंस. पिळून धरायचं असतं.” आणि दुसरा असा, की काही अडकलेच तर स्लोला असलेले इंजिन आपोआप बंद पडते. दुसरा मुद्दा मी त्यांना अनेकदा कागदावर मांडून दाखवला आहे. आपण विचारलेच आहे तर येथेही मांडतो. साधारण १०० सीसी गाडीचे इंजिन स्लोला मिनिटाला १४०० फेऱ्या घेते असे धरा. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या सुमारे ३० फेऱ्यांमागे मागचे चाक एकदा फिरते, म्हणजे चाक मिनिटाला ४५ ते ४७ वेळा फिरते. डोळ्यांना हा वेग अगदी संथ दिसतो आणि फसगत तिथेच होते. मागचे स्प्रॉकेट ४२ दातांचे असेल, तर सेकंदाला ३२ च्या आसपास दात चेनमध्ये शिरतात. ४२८ नंबरच्या चेनचा पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधले अंतर, १२.७ मिलिमीटर असतो, म्हणजे चेन सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर पळते. काहीतरी ओढले जात आहे हे मेंदूला कळून हात मागे येईपर्यंत पाव सेकंद सहज जातो, आणि तेवढ्यात चेन १० सेंटिमीटर पुढे गेलेली असते. आठ दात. बोटाला एक पुरतो.

राहिला जोराचा प्रश्न. गिअरमुळे इंजिनाचा वेग चाकापर्यंत ज्या प्रमाणात घटतो, जवळजवळ त्याच प्रमाणात चाक फिरवण्याची त्याची ताकद वाढते. पहिला गिअर दोन माणसांना घाटात चढवण्यासाठी दिलेला असतो, शिवाय इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड मॅग्नेटचा आणि चाकाचा स्वतःचा रेटा त्यामागे असतोच, तेव्हा बोटाच्या हाडासाठी इंजिन बंद पडेल ही आशा करू नये. हा गैरसमज कुठून येतो तेही सांगतो. मेन स्टँडवर गाडी न्यूट्रलमध्ये चालू असली तरी आतल्या ऑइलच्या ओढीने मागचे चाक हळूहळू फिरत राहते आणि ते बुटाने दाबले की थांबते. ते थांबलेले पाहून माणसाला वाटते की गिअरमध्येही असेच थांबेल.

आता मुख्य गोष्ट, जी मला व्हिडिओंत क्वचितच दिसते. चाक पुढच्या दिशेने फिरते तेव्हा पुढचे लहान स्प्रॉकेट चेनचा वरचा पदर पुढे ओढते आणि खालचा पदर मागे जाऊन मागच्या मोठ्या स्प्रॉकेटमध्ये शिरतो. म्हणजे आपण सोयीसाठी जिथे खाली फडके धरून बसतो, तिथून चेन थेट दातांकडेच निघालेली असते. इंजिनाने चाक कधीही उलटे फिरत नाही, त्यामुळे इंजिन चालू ठेवले की हात चुकीच्या बाजूला येणार हे ठरलेलेच आहे. इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, चाक हाताने उलट्या दिशेने फिरवले तर खालचा पदर मागच्या स्प्रॉकेटमधून बाहेर पडून पुढे जातो. फडके ओढले गेलेच तरी ते दातांपासून दूर जाते, आणि पुढचे स्प्रॉकेट लांब व कव्हराच्या आत असते. वेस्ट पिळून धरण्याचा आणि सैल धरण्याचा यात काही संबंध येत नाही. दादांना हे मी पहिल्यांदा समजावले तेव्हा त्यांनी चाक दोन्ही बाजूंना फिरवून पाहिले, मान हलवली आणि चहा मागवला.

‘मी ४० वर्षे केले, मला काही झाले नाही’ हे वाक्य आपल्याला प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येईल. त्यावर मी एवढेच म्हणतो की ज्यांना झाले ते गॅरेजमध्ये दिसत नाहीत, ते दुसरे काहीतरी करत असतात. शिवाय दादांच्या डाव्या अंगठ्याचे नख मधोमध दुभंगलेले आहे, मी लहान असल्यापासून ते तसेच आहे, आणि ते कशाने झाले असे विचारले की दादा विषय बदलतात.

हे पुस्तकी पांडित्य आहे असे समजू नये. १९४८ सालच्या कारखाना कायद्याचे २२ वे कलम याच गोष्टीविषयी होते. चालू यंत्राच्या आसपास तपासणीचे किंवा तेल घालण्याचे काम करावेच लागले, तर ते खास शिकवलेल्या, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावे असे त्यात म्हटले होते, आणि स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांना चालू यंत्राला तेल घालण्याची, ते साफ करण्याची मनाईच केली होती. आमच्यासारखी चार माणसांची गॅरेजे त्या व्याख्येत बसली नाहीत, म्हणून चेन आणि दात यांचा स्वभाव काही बदलला नाही. आमच्याकडे तर चेन पुसण्याचे काम नेहमी सर्वात लहान पोराकडे असे, कारण ते ‘सोपे’ काम.

तेव्हा किल्ली काढून खिशात टाका. नुसती बंद करून गाडीलाच ठेवू नका, कारण घरात लहान मूल असले की किल्ली फिरते आणि सेल्फचे बटण दाबले जाते. अंगठी, कडे, हातातला गंडा उतरवा, बाही दुमडा, ओढणी किंवा मफलर असेल तर काढून ठेवा. हातमोजे घालायचेच असतील तर पातळ नायट्राइलचे घाला, ते अडकले तर फाटतात. विणलेले सुती मोजे फाटत नाहीत, हाताला घेऊन जातात. फडके जुन्या बनियनचे, कडांना धागे न सुटलेले घ्या. चाक टायरला धरून फिरवा, स्पोकमध्ये बोटे घालून नव्हे, आणि एका वेळी वीतभर चेन पुसून मग चाक फिरवा. पुसणे आणि फिरवणे एकाच वेळी करू नका, कारण हाताने फिरवलेले चाकही बोट चेपते. ब्रशचा दांडा लांब असला तरी चालू इंजिनावर तो वापरू नका. ब्रश ओढला गेला की तो वाचवण्यासाठी आपलाच हात पुढे जातो. एवढे करून मला पंधरा मिनिटे लागतात, म्हणजे आपल्या व्हिडिओपेक्षा दहा मिनिटे जास्त.

काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. त्या अपघातापूर्वी सात वर्षे मी स्वतः दादांच्याच पद्धतीने काम केले, निदेशकांचे वाक्य रोज आठवत असूनही, आणि मला कोणी जबरदस्ती केली नव्हती; त्या दिवशी घाईही माझीच होती. मी सांगितलेली उलट्या चाकाची पद्धत मेन स्टँड असलेल्या गाडीची आहे. हल्लीच्या अनेक गाड्यांना मेन स्टँड येत नाही. त्यांच्यासाठी पॅडॉक स्टँड, म्हणजे मागचे चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड, घ्या किंवा गाडी थोडी थोडी ढकलत काम करा, पण साइड स्टँडवर तिरकी करून मागचे चाक उचलण्याची कसरत एकट्याने करू नका. पूर्ण बंद चेनकव्हर असलेल्या गाडीची चेन दर महिन्याला उघडण्याची गरजही नसते.

तेलाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर माझा कोणाशी वाद नाही. साध्या चेनला आणि कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेल्या ओ-रिंगच्या चेनलाही ९० नंबरचे गिअर ऑइल पुरेसे आहे. जळके इंजिन ऑइल लावू नका, त्यात धातूची बारीक पूड असते. धुण्यासाठी पेट्रोल अजिबात नको. ते ओ-रिंगची रबरे खराब करते, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरून लांबच्या ठिणगीनेही पेटते. रॉकेल मिळाले तर उत्तम, आता ते सहसा मिळत नाही, तेव्हा डिझेल चालेल. तेल चेनच्या आतल्या बाजूने, रोलरवर थेंब थेंब सोडा, रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी जादा तेल पुसून काढा. मागच्या टायरला तेल लागले असेल तर साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.