वाचकांचे प्रश्न : न्यूमोनियाच्या संशोधन केंद्रात समन्वयक नेमके काय करतो?

प्रश्न : माझ्या मुलीने सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. फुफ्फुसांच्या गंभीर संसर्गावर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात समन्वयक म्हणून तिची निवड झाली आहे. तेथे डॉक्टर, प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ एकत्र काम करतात. हे काम बैठका ठरवण्याचे आणि फाइली सांभाळण्याचे असून तिचे शिक्षण वाया जाईल, असे घरच्यांना वाटते. आपले मत काय?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : बैठका आणि फाइली या कामात आहेतच, त्या कोणाला चुकत नाहीत. परंतु अशा केंद्राचे संशोधन टिकते की ढासळते, हे बहुतांशी समन्वयकाच्या हातात असते, आणि त्यासाठी विषयाची जाण असलेली व्यक्तीच लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

गंभीर न्यूमोनिया जिवाणू, विषाणू किंवा बुरशी यांपैकी कशानेही होऊ शकतो. आपल्याकडे क्षयरोगाचाही विचार करावाच लागतो. एक्स-रेवर पांढरट भाग दिसतो, पण त्यामागचा जंतू त्यावरून ओळखता येत नाही. म्हणून व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या फुफ्फुसात ब्रॉन्कोस्कोपमधून, म्हणजे श्वासनलिकेत उतरवायच्या दुर्बिणीच्या नळीतून, थोडे सलाइन सोडून ते परत ओढून घेतात. या द्रवावर अनेकांचा हक्क असतो. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला त्यातून जंतू वाढवून पाहायचा असतो, प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणाऱ्याला त्यातील पेशी जिवंत हव्या असतात, तर उरलेला भाग उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवून पुढील तपासण्यांसाठी ठेवायचा असतो. यात उपचारासाठी लागणारी तपासणी आधी आणि संशोधन नंतर, हा क्रम कोणत्याही दबावाखाली बदलता कामा नये.

आता हे पुण्यात कसे घडेल ते पाहा. समजा, रुग्ण स्टेशनजवळच्या एखाद्या रुग्णालयात आहे आणि पेशींची तपासणी पाषाणच्या प्रयोगशाळेत व्हायची आहे. बर्फाच्या पेटीतील नळी संध्याकाळी विद्यापीठ चौकातील गर्दीत अडकली, तर पेशी थांबत नाहीत. त्या मरू लागतात, त्यांची वागणूक बदलते, आणि मग आपण जे मोजतो तो आजार नसून प्रवासाचा परिणाम असतो. त्यामुळे ब्रॉन्कोस्कोपी सकाळी करता येईल का, नळी कोण नेणार, पलीकडे ती उतरवून घ्यायला कोण थांबणार, हे समन्वयकाला आदल्या दिवशीच ठरवावे लागते. नळीवरील चिठ्ठीवर रुग्णाचे नाव नसते, सांकेतिक क्रमांक असतो, आणि त्याखाली नमुना घेतल्याची वेळ. प्रतिजैविकाचा पहिला डोस त्याआधी दिला गेला होता की नंतर, ही नोंद राहून गेली, तर जंतू का वाढला नाही याचा अर्थ पुढे कोणालाही लावता येत नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली मुलगी ही रिकामी जागा पाहताच वॉर्डात फोन करील. नुसत्या फाइली सांभाळणाऱ्याला ती खटकणारही नाही.

शिकागो येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या केंद्राचे उदाहरण मला येथे महत्त्वाचे वाटते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात व्हेंटिलेटरवरील ५८५ रुग्णांची अतिदक्षता विभागातील दिवसागणिक स्थिती संगणकाच्या साहाय्याने तपासली गेली. न्यूमोनिया बरा झाला की नाही, याचा निवाडा डॉक्टरांच्या एका मंडळाने केला. व्हेंटिलेटरवर असताना नव्याने झालेला आणि उपचारांनी न हटलेला न्यूमोनिया मृत्यूशी निगडित आहे, असे त्यातून दिसले. कोविडच्या रुग्णांत हा दुय्यम संसर्ग अधिक आढळला. प्रत्येक दिवसाची नोंद सर्वांनी एकाच पद्धतीने ठेवली नसती, तर संगणकतज्ज्ञांच्या हाती काहीच लागले नसते.

मुलीला एवढे मात्र रुजू होण्यापूर्वी विचारायला सांगा : शोधनिबंधात समन्वयकाचे नाव येते का, आणि विभागांत मतभेद झाल्यास अंतिम निर्णय कोणाचा? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी नसेल, तर प्रत्येक भांडण तिच्या टेबलावर येईल.

प्रश्न : माझे थोरले बंधू व्हेंटिलेटरवर असताना त्यांचा नमुना संशोधनासाठी वापरण्यास आमची सही मागितली गेली. नकार दिल्यास उपचारांत हयगय होईल, या भीतीने आम्ही सही केली. हे योग्य आहे का?
— एक वाचक, हडपसर, पुणे

उत्तर : सही मागणे योग्य आहे, भीतीपोटी ती द्यावी लागणे योग्य नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, स्वतः संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधीची संमती घेता येते. मात्र नकार दिल्याने किंवा दिलेली संमती पुढे मागे घेतल्याने उपचारांवर परिणाम होता कामा नये. संमतीपत्राची प्रत मागून घ्या. त्यावर नीतिविषयक समितीशी संपर्क कसा साधावा हे दिलेले असते. बंधू शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ लागले की त्यांची संमती नव्याने घेतली पाहिजे, आणि ती कोणी घेतली नाही, तर त्याची आठवण तुम्ही संशोधकांना अवश्य करून द्या.