मेळघाटातल्या कोरकू गावात स्वयंसेवक म्हणून शिकवायचं आहे. किती दिवस जावं, तयारी काय करावी?

आठ-पंधरा दिवसांसाठी जाऊ नका, मुलं बोलती व्हायलाच तेवढे जातात. निदान 3 महिने द्या. खरी अडचण भाषेची. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी नातं नसलेली भाषा. म्हणून पहिलीतलं मूल मराठी धडा घडाघडा वाचतं, पण अर्थ लागत नाही. आधी रोजचे 100 शब्द मुलांकडूनच शिका. तुम्ही चुकलात की तीच हौसेनं सुधारतात. गणिताला दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधा. कोरकूत दहा म्हणजे ‘गेल’: एक जुडी, एक गेल. तिथून मराठी ‘दहा’कडे या. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं मजुरीला बाहेर पडतात, होळीला परततात. महत्त्वाचा भाग दिवाळीआधीच घ्या. मुख्याध्यापकांना विचारूनच वर्ग ठरवा. सोबत मच्छरदाणी, बॅटरी.