सकाळी टकटक आणि सर्व्हिस सेंटरला पोचेपर्यंत शांत: वॉरंटी संपायच्या आत काय करायचं

ताई, तुमचं थोडक्यात असं आहे की १४ लाखांची ऑटोमॅटिक गाडी, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनाची ताकद तेलाच्या मदतीने गिअरबॉक्सकडे नेणारा भाग असलेली), रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन मिनिटं गिअरबॉक्सच्या बाजूने टकटक येते आणि मग बंद होते, सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी "नॉर्मल आहे मॅडम" म्हणून परत पाठवतात, बाहेरचा मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवू म्हणतोय, वॉरंटीचे दोन महिने उरलेत आणि तुम्ही विचारताय की सरळ ग्राहक आयोगात केस टाकून नवीन गाडी मागू का.

सगळ्यात आधी, गिअरबॉक्स बाहेर उघडू देऊ नका, कृपा करून नाहीच. एकदा बाहेरच्या माणसाने तो खोलला की कंपनी म्हणणार बिघाड त्यानेच केला, आणि तुमचा पुरावाही तिथेच संपतो.

तुम्ही पाठवलेली जॉब कार्डं, म्हणजे सर्व्हिस सेंटरवाले गाडी घेताना तक्रार आणि काम लिहितात ते कागद, मी नीट वाचले. एकाही कार्डावर आवाजाचा उल्लेख नाहीये, सगळीकडे "जनरल चेकअप" आणि वॉशिंग. म्हणजे कागदावर तुम्ही ही तक्रार कधी केलेलीच नाही! खरी काळजी मला याचीच वाटते, केसची नंतर बघू. गाडी चालवत तिथे नेईपर्यंत इंजिन गरम होतं, आवाज जातो, आणि त्यांना "काही आढळलं नाही" लिहायला मोकळं रान मिळतं. म्हणून आजच ईमेल करा की गाडी संध्याकाळी सोडते, रात्रभर बंद ठेवा, सकाळी पहिला स्टार्ट माझ्यासमोर करा. जॉब कार्डवर "थंड स्टार्टला इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाकडून टकटक" एवढंच लिहून घ्या आणि त्याशिवाय सही करू नका. ठेवून घ्यायला नाही म्हणाले तर तो नकारही ईमेलवरच मागा.

"ट्रान्समिशन खराब आहे" असं मात्र स्वतः लिहू नका हं. कारण असा आवाज इंजिनाचाही असू शकतो, ऑइल प्रेशर चढेपर्यंत टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) वाजतात, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या पाइपाचं) गॅस्केट म्हणजे सांध्यातलं पॅकिंग लीक असेल तर धातू तापून फुगला की आवाज थांबतो, आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरची टिकटिक असतेच, तिथे "नॉर्मल" हे उत्तर खरंही असू शकतं. पण फ्लेक्स प्लेटला (इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणाऱ्या पातळ चकतीला) तडा असेल किंवा कन्व्हर्टरचे बोल्ट ढिले असतील तर आवाज आरपीएमबरोबर वाढतो आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं अजिबात नाही. त्यामुळे त्यांना लेखी विचारा की खालचं कव्हर काढून बोल्ट आणि फ्लेक्स प्लेट बघितली का, एटीएफची (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाची) लेव्हल बघितली का, पार्कमधून डीमध्ये (ड्राइव्हमध्ये) टाकल्यावर आवाज बदलतो का. तुम्ही आयोगात गिअरबॉक्स गिअरबॉक्स करत राहिलात आणि निघालं गॅस्केट, तर चांगली तक्रार फुकट जाईल.

घरी व्हिडिओ काढा, आरपीएमचा काटा दिसू दे, बॉनेट उघडून आवाज येऊ दे, एडिट करू नका आणि मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याला सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते कसं करायचं हे तुमचा वकील सांगेल.

आता नवीन गाडीचं. खरं सांगते, आज ती मागणी टिकणं कठीण आहे. क्लचच्या तक्रारीवरून गेलेल्या मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की वॉरंटीत खराब भाग दुरुस्त किंवा बदलून द्यायची जबाबदारी आहे, तेवढ्यावरून अख्खी गाडी बदलून मिळत नाही. मूळ उत्पादन दोष सिद्ध झाला आणि दुरुस्त करूनही तो परत परत आला तर गोष्ट वेगळी. म्हणून मुख्य मागणी मोफत दुरुस्ती आणि भाग बदलणं, त्यासोबत त्रासाची भरपाई, आणि पर्यायी मागणी म्हणून गाडी बदलून किंवा पैसे परत, अशा क्रमाने लिहा.

रात्रभर ठेवून केलेल्या तपासणीचा निष्कर्ष आल्यावरही टाळाटाळ झाली तर डीलर आणि उत्पादक दोघांना नोटीस, मग ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात तक्रार. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते, ५० लाखांपर्यंतच्या किमतीला जिल्हा आयोगच, तुमच्या रकमेला फी ४०० रुपये. दोष तपासणीशिवाय कळणारा नसेल तर कलम ३८ खाली आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तो अर्ज सुरुवातीलाच द्या, तपासणीचा खर्च मात्र आधी तुम्हाला भरायला सांगू शकतात. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, त्यामुळे केसची घाई नाही, घाई वॉरंटीची आहे. तिच्या आत तक्रार लेखी नोंदली गेली की नंतर वॉरंटी संपली तरी "तेव्हाच सांगितलं होतं" हे दाखवता येतं. मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करून ठेवा, पैसे लागत नाहीत आणि कधीकधी डीलर तेवढ्यानेच हलतो.

रात्रभर ठेवल्यानंतरचं जॉब कार्ड हातात आलं की मला पाठवा, नोटीस त्यावरूनच लिहू.