यादीत त्याचंच नाव नव्हतं

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, नवा गेम शाळेच्या छंदवर्गाला न्यायचा म्हणून हट्ट धरलाय. द्यायचा का?" कधी गेम असतो, कधी रिमोटची गाडी, कधी फोटो काढणारं घड्याळ. मुलं साधारण सहा ते नऊ वर्षांची. आई-बाबांची घालमेलही ठरलेली : दिला तर तुटेल किंवा हरवेल, नाही दिला तर पोर एकटं पडेल. यातली दुसरी भीती जास्त खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय खेळण्यात नाही. हे मला दुसरीतल्या एका मुलाने शिकवलं. पालकांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आत्याने परदेशातून आणलेला, हातात धरून खेळायचा गेम. किंमत २८ हजार. शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तासाचा छंदवर्ग असे, तिथे मुलगा तो गेम न्यायचा. एका शनिवारी ओढाओढीत गेम पडला आणि स्क्रीनला तडा गेला. मग पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भरपाईवरून जुंपली, दोन आयांनी एकमेकींशी बोलणं टाकलं. माझ्याकडे आले तेव्हा मुलापेक्षा आई-बाबाच जास्त दुखावलेले होते.

"मी मुद्दाम नेऊ देत होतो," बाबा म्हणाले. "वस्तू सांभाळायची जबाबदारी कधी ना कधी शिकायलाच हवी ना?"

मी मुलाला विचारलं, "केवढ्याचा रे तो गेम?"

"खूप... पाचशे?"

"आणि तुझी सायकल?"

"ती जास्त. ती मोठी आहे ना."

बाबा गप्प झाले. या वयात किमतीचा अंदाज असाच असतो, मोठं ते महाग. जबाबदारी शिकवायला पाण्याची बाटली पुरते. ती विसरली तर तहान लागते आणि मूल शिकतं. २८ हजारांची वस्तू हरवली तर घरात आवाज चढतात आणि मूल फक्त भ्यायला शिकतं.

खरी गोष्ट कळली ती तिसऱ्या भेटीत. लहान मुलांना 'असं का केलंस' हे मी सहसा विचारत नाही, कारण त्याचं उत्तर त्यांच्यापाशी नसतं. मी दप्तर दाखवायला सांगते. त्याने एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. गणिताची वही मी मागून उघडली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने आठ नावं लिहिलेली, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे २ चा आकडा.

"हे काय?"

"नंबर. भिंतीवरच्या घड्याळात बघून दोन-दोन मिनिटं देतो."

"अरे वा. मग तुझा नंबर कितवा?"

त्याने पानावर वरून खाली बोट फिरवलं.

"माझा नाहीये. मी घरी खेळतो ना."

"मग तिथे तू काय करतोस?"

"घड्याळ बघतो."

"आणि गेम नेला नाहीस त्या शनिवारी?"

तो वहीचा कोपरा दुमडत राहिला. मी घाई केली नाही. "त्या दिवशी मला कुणी बोलवत नाही."

आईने वही हातात घेतली. रोज संध्याकाळी ती हीच वही तपासत होती, शेवटचं पान तिने कधी उलटलं नव्हतं.

मी मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलरच्या विचारांवर घडलेली समुपदेशक आहे. मुडदुसामुळे चार वर्षांचा होईपर्यंत धड चालू न शकलेला हा व्हिएन्नाचा डॉक्टर. १९२० च्या दशकात त्याने तिथल्या शाळांमध्ये मूल, पालक आणि शिक्षक यांना एकत्र बसवायला सुरुवात केली. 'या माणसांत माझी जागा कुठली?' हा शोध त्याला मुलांच्या वागण्यामागे दिसायचा. आमच्या या मुलाला जागा मिळाली होती, पण राखणदाराची. ते पान उलटायचं मला सुचलं, याचं आजही समाधान वाटतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : निदान चौथीपर्यंत महागडं इलेक्ट्रॉनिक खेळणं छंदवर्गाला पाठवू नये. आणि हे 'नाही' मोठ्यांनी म्हणावं, 'तूच ठरव' म्हणून मुलावर ढकलू नये. 'तो गेम घरचा आहे' एवढं वाक्य पुरतं. टीव्ही कुठे कुणी शाळेत नेतं? रोबोटिक्सचा वर्ग असेल तर साहित्य शाळेचं असावं आणि शाळेच्या कपाटात राहावं. शाळांमध्ये हाताने वस्तू बनवून शिकण्यासाठी असलेल्या सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबसुद्धा सहावीपासून पुढच्या मुलांसाठी आहेत, आणि तिथलं साहित्य लॅबचं असतं. मित्रांना गेम खेळायचाच असेल तर रविवारी दोघा-तिघांना घरी बोलवा, आणि तुमच्या मुलाचाही नंबर लागतो का ते बघा.

पण नुसतं 'नाही' म्हटलं की मूल रिकाम्या हाताने जातं. मी त्याला विचारलं, "तुला येतं आणि मित्रांना येत नाही, असं काय आहे?" खूप विचार करून म्हणाला, "गड्डा झब्बू. आजीने शिकवलाय."

छंदवर्गाच्या बाईंना बोलावलं. त्या दचकल्याच, "शाळेत पत्ते?" त्यांची काळजी रास्त होती. शेवटी त्या स्वतः शेजारी बसणार या अटीवर तयार झाल्या. पत्त्यांचं मला भावलं ते हे, की वाटणाऱ्याला स्वतःलाही पानं वाटावी लागतात.

पहिल्या शनिवारी दोघंच आले. "गेम नाही आणला?" म्हणत बाकीचे निघून गेले. रात्री तो रडला. आईचा फोन आला, "स्क्रीन बदलून आणलीय, मॅडम. देऊ का परत?" मी म्हटलं, थांबा. तिसऱ्या शनिवारी पाच जण होते. शिवाय शेजारच्या वर्गातली एक मुलगी, तिला आधीपासून येत होतं.

जानेवारीत तो आला तो खुर्चीवर न बसताच बोलायला लागला. "मॅडम, सगळ्यांनी मिळून मला झब्बू दिला! अख्खा गड्डा माझ्याकडे!" आणि तो केवढा होता ते दोन्ही हात पसरून दाखवू लागला.