सत्तरीच्या आसपासच्या आई-वडिलांना लेहला नेताना दिवसांची मांडणी कशी करावी

आपण दिलेला कार्यक्रम मी काळजीपूर्वक वाचला. आई सहासष्ट वर्षांच्या, वडील एकाहत्तर वर्षांचे, त्यांना रक्तदाब आणि मधुमेह या दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत, आणि जूनमध्ये सहा रात्रींसाठी मुंबईहून दिल्लीमार्गे विमानाने लेहला जाण्याचा बेत आहे. सहल आखून देणाऱ्याने पहिला दिवस लेहमध्ये विश्रांती, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यातील हुंडर, तिसऱ्या दिवशी श्योक नदीकाठच्या रस्त्याने थेट पँगाँग सरोवराच्या काठी मुक्काम, चौथ्या दिवशी चांग लामार्गे लेह आणि उरलेल्या वेळात गोंपा म्हणजे बौद्ध मठ, असे दिवस लावले आहेत. या वयात लडाखला जावे की नाही, हा आपला पहिला प्रश्न आहे. दोघांच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर अवश्य जावे. मात्र हा कार्यक्रम स्वीकारू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. त्यातली ठिकाणे चुकीची नाहीत. त्यांचा क्रम आणि रात्रीचे मुक्काम चुकीचे आहेत.

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे आणि लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर वसलेले आहे. म्हणजे समुद्रकाठी आयुष्य काढलेला माणूस दिल्लीहून सव्वा-दीड तासात कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर उतरतो. तिथल्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण आपल्याकडच्याइतकेच, सुमारे २१ टक्के असते. परंतु हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश इतकाच राहतो आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्यासाठी त्याला काही दिवस लागतात. चालण्याचा सराव किंवा योगासने यांनी दम टिकतो, परंतु विरळ हवेचा त्रास टळत नाही. गिरिभ्रमण करणाऱ्या तरुणाला लेहमध्ये उलट्या व्हाव्यात आणि त्याच्या आजीला काहीच होऊ नये, हेही घडते. पूर्वी उंचावर कधी त्रास झाला होता का, ही माहिती वयापेक्षा अधिक उपयोगाची असते. दोघेही याआधी केदारनाथ किंवा रोहतांगला गेले असतील, तर त्या वेळी काय झाले होते ते त्यांना आवर्जून विचारा.

उंचीचा विचार करताना दिवसा कुठवर गेलो यापेक्षा रात्री कुठे झोपलो याला अधिक महत्त्व असते. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा वैद्यकीय संकेत आहे. आता आपला कार्यक्रम या मापाने पाहा. हुंडर साधारण ३,१०० मीटरवर आहे, म्हणजे लेहपेक्षाही खाली. अनेकांना याची कल्पना नसते आणि ते नुब्राला उगीच घाबरतात. खारदुंग ला ५,३५९ मीटर उंच आहे हे खरे, परंतु तिथे आपण गाडीतून चढतो, थोडा वेळ थांबतो आणि उतरतो. खरी अडचण तिसऱ्या दिवसाची आहे. हुंडरहून निघून पँगाँगच्या काठी झोपायचे म्हणजे एका दिवसात झोपण्याची उंची ११०० मीटरहून अधिक वाढवायची, तीही लेहच्या रुग्णालयापासून पाच तासांवर आणि मध्ये चांग लासारखी सुमारे ५,३६० मीटरची खिंड असताना. रात्री एकाला दम लागू लागला, तर लेहला आणण्यासाठी त्याला आधी हजार मीटर वर न्यावे लागेल. ज्येष्ठांच्या सहलीत अशी रात्र असू नये.

माझा आग्रह असा की लेहच्या विमानतळावर उतरल्यावर शहरात न थांबता त्याच गाडीने पश्चिमेकडे, सिंधूच्या काठाने आल्चीकडे जावे. अंतर पासष्ट किलोमीटरच्या आसपास असून रस्ता चांगला आहे. आल्ची सुमारे ३,१०० मीटरवर आहे, म्हणजे पहिल्या दोन रात्री लेहपेक्षा चारशे मीटर खाली जातात आणि या चारशे मीटरने पुष्कळ फरक पडतो. वाटेत निम्मूजवळ सिंधू आणि झंस्कार यांचा संगम लागतो, तो गाडीतून न उतरताही वरच्या वळणावरून दिसतो. आल्ची मला ज्येष्ठांसाठी लडाखमधली सर्वांत योग्य जागा वाटते, कारण थिकसे, लामायुरू, हेमिस यांच्यासारख्या गोंपांमध्ये पायऱ्या आणि चढ असतो, तर आल्चीची देवळे गावातच सपाटीवर, जर्दाळूच्या झाडांमध्ये आहेत. सुमारे आठ-नऊशे वर्षांपूर्वीची, काश्मिरी कारागिरांच्या शैलीतली तिथली भित्तिचित्रे आणि सुमत्सेक या तिथल्या देवळातल्या, दोन मजल्यांतून वर गेलेल्या मातीच्या भव्य मूर्ती पाहण्यासाठी लांबून माणसे येतात. अजिंठा पाहिलेल्या माणसाला ती चित्रे विशेष जवळची वाटतात. आत छायाचित्रे घेऊ देत नाहीत आणि उजेड मंद असतो, म्हणून सोबत लहान विजेरी ठेवावी, पण ती भिंतीवर रोखून धरू नये.

पहिल्या दिवशी मात्र हेही पाहू नये. जेवून झोपावे, उठून अंगणात बसावे, एवढेच. विरळ हवेची डोकेदुखी उतरल्या उतरल्या सुरू होत नाही. ती सहसा सहा ते बारा तासांनी येते आणि त्यामुळे पहिल्या दुपारी सर्वांना आपण अगदी ठणठणीत आहोत असे वाटते. याच भ्रमात लोक लेहच्या बाजारात भटकतात, शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढतात आणि रात्री बेजार होतात. शांतिस्तूपाला जायचेच असेल तर वरपर्यंत गाडीचा रस्ता आहे.

दोन रात्री आल्चीत, मग दोन लेहमध्ये, त्यानंतर एक हुंडरला आणि शेवटची पुन्हा लेहमध्ये, असे सहा रात्रींचे वाटप मी करेन. वडिलांना पँगाँग पाहण्याची फार इच्छा आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून ते सरसकट वगळा असे मी म्हणत नाही. आणखी दोन रात्री वाढवता आल्या तर अगदी शेवटी, शरीर रुळल्यावर, लेहहून पहाटे निघून सरोवरापाशी दोन तास घालवून संध्याकाळी लेहला परतावे. जाऊन-येऊन दहा तास गाडीत बसावे लागेल, हे त्यांना आधी सांगा आणि निर्णय त्यांनाच घेऊ द्या. रात्री वाढवता येत नसतील तर नुब्रा आणि पँगाँग यांतले एकच निवडावे, आणि आपल्या घरासाठी मी नुब्रा निवडेन.

औषधांविषयी आपण विचारले आहे. विमानाने थेट लेहला जाणाऱ्यांना डॉक्टर बहुधा ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, सुचवतात. प्रौढांसाठी नेहमीचे प्रमाण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असते आणि ती गोळी निघण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. परंतु आपल्या घरात ती दुकानातून परस्पर आणून देऊ नये, याची कारणे आहेत. ती लघवीचे प्रमाण वाढवते. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळीत आधीच लघवी वाढवणारा घटक असेल, तर पाणी आणि क्षार यांचा तोल बिघडू शकतो. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. बोटांना मुंग्या येणे हा तिचा नेहमीचा परिणाम आहे, त्याने घाबरून जाऊ नये. महिनाभर आधी दोघांना डॉक्टरांकडे न्या आणि सर्व गोळ्यांची चिठ्ठी पुढे ठेवून डायमॉक्सविषयी विचारा. छातीत दुखण्याचा इतिहास, फुप्फुसाचा जुनाट आजार किंवा रक्ताची मोठी कमतरता असेल, तर डॉक्टरांचा नकार निमूटपणे मान्य करावा. रक्तदाब पहिले काही दिवस थोडा वाढतो, म्हणून घरचे यंत्र सोबत ठेवा, पण स्वतःच्या मनाने गोळ्या वाढवू नका.

मधुमेहाबाबत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. उंचावर भूक मंदावते, माणूस अर्धवट जेवतो आणि गोळी मात्र नेहमीची घेतो. मग साखर उतरली तर थरथर, घाम, गोंधळ, डोके जड होणे अशी लक्षणे दिसतात आणि ती विरळ हवेची समजून सगळे ऑक्सिजन शोधू लागतात. वडिलांना असे काही वाटले तर सर्वप्रथम साखर तपासा. तपासणीचे यंत्र आणि पट्ट्या थंडीत चुकीचा आकडा दाखवू शकतात, म्हणून ती पिशवी अंगाजवळ, कोटाच्या आतल्या खिशात असू द्या.

करोनाच्या काळात घरोघरी आलेले ऑक्सिमीटर सोबत न्यावे, परंतु त्याचा अर्थ बदलून घ्यावा लागतो. मुंबईत ८८ हा आकडा दिसला तर आपण रुग्णवाहिका बोलावू. लेहमध्ये पहिल्या दोन दिवसांत तो अनेक निरोगी माणसांचा असतो. आकडा आणि माणूस दोन्ही पाहावेत. बसल्या जागी धाप लागत असेल, किंवा इतरांपेक्षा त्याचा आकडा बराच खाली असून तो उतरतच असेल, तर ती काळजीची बाब आहे. ऑक्सिजनचे डबे विकत घेऊ का, या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. त्यात काही लिटरच वायू असतो, तो थोड्या मिनिटांत संपतो आणि विमानातून ते डबे नेता येत नाहीत. त्याऐवजी गाडी ठरवतानाच मास्कसह मोठा सिलिंडर गाडीत असावा अशी अट घाला. कापराची पुरचुंडी हुंगत राहण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही, आणि कापूर हुंगून बरे वाटले म्हणून पुढे जाण्यात धोका आहे.

या सगळ्यापेक्षा मला ज्याची अधिक चिंता वाटते ती बाब म्हणजे आपल्या घरातली मोठी माणसे त्रास सांगत नाहीत. आपल्यामुळे मुलांचा बेत मोडू नये, खर्च वाया जाऊ नये, या भावनेने ती गप्प बसतात. आमच्या सोबतच्या एका काकूंनी पूर्ण दिवस डोकेदुखी लपवली होती आणि त्यांनी रात्रीचे जेवण नाकारले तेव्हाच ती कळली. सुदैवाने लेहमध्येच आणखी एक दिवस थांबून त्या सावरल्या. म्हणून निघण्यापूर्वीच दोघांना बसवून सांगा की एक दिवस रद्द करावा लागला तरी चालेल, तसे पैसे आणि दिवस बाजूला ठेवलेले आहेत. तिथे रोज सकाळी आणि झोपण्यापूर्वी ठरावीक प्रश्न विचारा: डोके दुखते का, मळमळते का, जेवण गेले का, झोप लागली का. डोकेदुखीसोबत यांतले आणखी काही असेल तर त्या दिवशी वर जायचे नाही. विश्रांती घेऊनही ती वाढत असेल, तर खाली यायचे. कोरडा खोकला, आडवे पडल्यावर गुदमरणे, ओठ निळसर होणे ही फुप्फुसात पाणी साठत असल्याची चिन्हे असू शकतात. बोलण्यात गोंधळ किंवा सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता न येणे हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. लेहमध्ये सोनम नोरबू मेमोरियल रुग्णालय आहे आणि तिथल्या डॉक्टरांना या आजाराचा मोठा अनुभव आहे. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी देऊ नका, आणि पहिले काही दिवस मद्य घरातल्या कोणीच घेऊ नये.

आपली बहीण अमेरिकेहून येऊन सोबत जाणार आहे आणि तिच्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड, आहे. नुब्रा आणि पँगाँगसाठी तिला परदेशी नागरिकांप्रमाणेच संरक्षित क्षेत्राचा वेगळा परवाना लागेल. तो लेहमधल्या नोंदणीकृत प्रवासी संस्थेमार्फत मिळतो, म्हणून तिच्या पारपत्राची आणि कार्डाची प्रत त्यांना आधीच पाठवा. ती गिर्यारोहणाला जाते असे आपण लिहिले आहे, त्यावरून एक सूचना करतो: उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण किंवा सॅटेलाइट फोन तिने भारतात आणू नये. परवानगीशिवाय ते बाळगणे इथे गुन्हा आहे आणि विमानतळांवर परदेशी प्रवाशांना त्यासाठी अडवले गेले आहे. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. आपल्यापैकी निदान दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची पोस्टपेड कार्डे असावीत. हुंडरला रोख पैसे लागतील, ते लेहमध्येच काढून घ्या.

तिकिटांकडे पुन्हा एकदा पाहा. मध्यरात्री दिल्लीत उतरून पहाटेचे लेहचे विमान पकडायचे असे आपल्या कार्यक्रमात दिसते. न झोपलेल्या, थकलेल्या अवस्थेत थेट ३,५०० मीटरवर जाणे या वयात टाळावे. आदल्या दुपारी दिल्ली गाठून रात्रभर झोप घ्या. परतीलाही लेह-दिल्ली आणि दिल्ली-मुंबई यांच्यात एक रात्र ठेवा. लेहची विमाने प्रामुख्याने सकाळी उडतात, आणि हवा बिघडली तर ती थेट दुसऱ्या दिवसावर जातात. लेहचे परतीचे तिकीट मात्र तारीख बदलता येईल असेच घ्या. रस्त्याने खाली उतरायचे तर कारगिलपर्यंत दोनशेहून अधिक किलोमीटर आणि वाटेत ४,१०८ मीटरची फोटू ला ही खिंड आहे, त्यामुळे कोणाची तब्येत बिघडली आणि डॉक्टरांनी विमानप्रवासास हरकत घेतली नाही, तर दुसऱ्या सकाळचे विमान हाच खाली येण्याचा सर्वांत जवळचा मार्ग ठरतो.