आधी चाकं फिरू देत

बेळगाव, आषाढ

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो भिंग लावून बघितले. कॅबच्या बाजूंवरचे रिव्हेट एका ओळीत उठलेत, एकाही ठिकाणी पत्रा फाटलेला नाही. रेल्वे इंजिनाच्या मॉडेलच्या पहिल्याच पितळी किटला एवढं जमणं सोपं नसतं. पण त्याच फोटोच्या कोपऱ्यात फ्रेमचा पत्रा अजून जसाच्या तसा पडलेला दिसला, म्हणून हे पत्र लगेच लिहायला घेतलं. कॅब, पाण्याच्या टाक्या, बॉयलर सगळं एका डब्यात घालून माळ्यावर ठेव. आता चासी घे, म्हणजे फ्रेम आणि चाकांचा खालचा सांगाडा. चाकं बोटाने ढकलल्यावर कुठंही न अडखळता फिरेपर्यंत बॉडीच्या एकाही तुकड्याला सोल्डर लावायचं नाही.

बॉडीची ओढ का लागते ते मला कळतं. आपल्या भागात वाफेचं इंजिन आता चौथऱ्यावर उभं असलेलंच बघायला मिळतं. इकडची मीटरगेज नव्वदच्या दशकात गेली, तेव्हा तुझा जन्मही नव्हता. पण तुझे आजोबा घाटात इंजिनावर फायरमन होते, भट्टीत कोळसा टाकायचे. कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणारा तो घाट, 1:37 चा चढ, म्हणजे 37 मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. त्यांना इंजिनाबद्दल विचारून बघ, चिमणीच्या आकाराबद्दल एक शब्द बोलणार नाहीत. चाकं घसरली की वाळू कशी सोडायची, रॉडच्या बेअरिंगला तेल कधी द्यायचं, हेच सांगतील. इंजिन म्हणजे आधी चाकं, रॉड आणि फ्रेम. बाकीचं सगळं त्यांच्यावर बसवलेलं. किटमध्येही तसंच आहे: फूटप्लेटची, म्हणजे बॉडी जिच्यावर बसते त्या सपाट पत्र्याची, उंची चासी ठरवते, मोटर कुठं बसणार ते चासी ठरवते. बॉडी आधी पूर्ण केलीस आणि चासी अर्धा मिलिमीटर उंच झाली, तर एवढ्या मेहनतीने केलेली फूटप्लेट खालून खरवडत बसावं लागेल.

तू निवडलेलं किट योग्य आहे. आत सिलिंडर असलेलं 0-6-0 टँक इंजिन (पुढं-मागं लहान चाकं नाहीत, पाण्याच्या टाक्या अंगावरच), म्हणजे बाहेर दिसतात फक्त सहा चाकं आणि ती एकमेकांना जोडणारे दोन बाजूंचे कपलिंग रॉड. पहिल्यांदा एवढंच हवं. 

पत्र्यात स्पेसरच्या, म्हणजे फ्रेमच्या दोन बाजू ठरावीक अंतरावर धरणाऱ्या आडव्या तुकड्यांच्या, तीन जोड्या दिसतील, रुंदी वेगवेगळी. त्याचं कारण असं की इंग्लंडचं 4 मिलिमीटरला एक फूट हे प्रमाण धरलं तर त्यांचा 1435 मिलिमीटरचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 18.83 मिलिमीटर व्हायला हवा, पण बहुतेक लोक 16.5 च्या रुळावर चालवतात, काही 18.2 वर. तुझे रूळ 16.5 चे, तेव्हा सर्वांत अरुंद जोडी घ्यायची. उरलेल्या फेकू नकोस, चांगला जर्मन सिल्व्हर आहे.

सुटे भाग पत्र्यातून काढताना कात्री लावायची नाही, कडा वाकते. खाली कडक सपाट काहीतरी ठेव आणि धारदार छिन्नीने टॅब दाबून तोड. हे भाग ॲसिडने कोरलेले असतात आणि ॲसिड दोन्ही बाजूंनी पत्रा खातं, त्यामुळे कडेच्या मध्यावर एक बारीक धार उरते. ती पट्टी कानशीने काढ. फ्रेमच्या कडेला ती तशीच राहिली तर स्पेसर टेकत नाही आणि सगळं तिरकं होतं.

आता सोल्डरिंग. तुझ्या जोडांवर सोल्डरचे गोळे उभे राहिलेत, म्हणजे पत्रा तापलेलाच नाही. पितळ उष्णता भराभर ओढून घेतं. 25 वॉटची सोल्डरिंगची इस्त्री धरून बसलास तर जोड होत नाही, उलट शेजारचा जोड सुटतो. 50 वॉट किंवा त्याहून मोठी, तापमान ठरवता येणारी इस्त्री घे. मोठं टोक, भरपूर धग, एक-दोन सेकंद स्पर्श आणि लगेच बाजूला. टोकाला कायम कल्हई असावी, काळं पडलेलं टोक धग पुढं देतच नाही. फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून धातू साफ करणारं द्रव्य, आधी लावायचा, सोल्डर टोकावर थोडंसं घेऊन जोडाला टेकवायचं. ते स्वतःच फटीत ओढलं जातं, आणि तसं गेलं की दुसऱ्या बाजूला चकाकणारी बारीक रेष दिसते. ती दिसली की जोड झाला. साधं 60/40 सोल्डर 190 अंशांच्या आत वितळतं, फ्रेमला तेच पुरे. पत्रा धरायला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे वापर, लाकूड उष्णता ओढत नाही.

पितळेला फॉस्फोरिक ॲसिडचा पातळ फ्लक्स चांगला, पण दिवसाचं काम संपलं की कोमट पाणी आणि टूथब्रश घेऊन सगळं धुऊन काढायचं. कंटाळा केलास तर काही दिवसांत हिरवं चढेल, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत फार लवकर चढतं. मोटरच्या तारांना हा फ्लक्स कधीच नाही, तिथं राळेचा. शिशाचं सोल्डर हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, खोलीची खिडकी उघडी ठेवायची. यात सवलत नाही.

पुढचं शांतपणे वाच, इथंच सगळं ठरतं.

प्रत्येक स्पेसर आधी एकेकाच टिपक्याने धरायचा. मग चासी जाड काचेवर ठेवायची, एक्सलच्या भोकांतून लांब सरळ सळ्या घालायच्या आणि वरून बघायचं. सळ्या एकमेकींना समांतर आहेत का, काचेपासून दोन्ही टोकांना अंतर तेवढंच आहे का. व्हर्नियर कॅलिपरने कर्ण मोज. काही चुकत असेल तर टिपका वितळवून सरळ करायला क्षणभर लागतो, पूर्ण सोल्डर भरल्यावर मात्र चासी उकलावी लागते. 

बेअरिंग लगेच पक्के करू नकोस. आधी कपलिंग रॉड तयार कर, आणि एक्सलमधलं अंतर रॉडवरून घे. रॉडच्या भोकांमधलं अंतर आणि बेअरिंगमधलं अंतर हुबेहूब एक नसेल तर इंजिन दर फेरीला अडखळणार, मग कितीही महाग मोटर लाव. यासाठी एक्सलच्याच जाडीच्या, म्हणजे एक अष्टमांश इंचाच्या, तीन पोलादी सळ्या घे आणि त्यांची दोन्ही टोकं लेथवर रॉडच्या भोकात बसतील एवढी बारीक करून घे. सळ्या बेअरिंगमधून घालायच्या, टोकांवर दोन्ही बाजूंचे रॉड चढवायचे, आणि तसंच असताना बेअरिंगला सोल्डर द्यायचं. इथं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हे काम कुणीही लेथवाला चहा संपायच्या आत करून देईल. विलायतेत लोक असल्या सळ्यांचा संच विकत मागवतात.

हे मी मुद्दाम लिहितोय. तुझ्या पत्रात दोनदा आलंय की इथं काही मिळत नाही. किटमध्ये चाकं, मोटर, गिअरबॉक्स नसतात, ते वेगळं मागवावं लागतं, हे खरं. पण बाकी? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान काढलं ते याच गावात, लोखंडी नांगराचं कामही इथंच सुरू झालं, 1910 मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला. आज इथल्या फाउंड्र्यांतून ओतीव भाग देशभर जातात. शहापूरच्या सोनारांकडे जाळीकामाची करवत असते, केसाएवढं पातं असतं, आणि डाग, म्हणजे धातूचा जोड, कसा द्यायचा ते त्यांच्यापेक्षा चांगलं कोण दाखवणार? त्यांच्याजवळ जाऊन तासभर बसायची परवानगी माग. धातू हातात धरायचा कसा, हे किटच्या कागदात लिहिलेलं नसतं.

चाकांकडे येऊ. एका बाजूचा क्रँकपिन, म्हणजे चाकावरचा रॉड धरणारा खिळा, दुसऱ्या बाजूच्या पिनपेक्षा 90 अंशांनी पुढं किंवा मागं असतो, म्हणजे एक बाजू मृतबिंदूवर, जिथं रॉड ढकलूनही चाक फिरवू शकत नाही तिथं, आली तरी दुसरी ढकलत राहते. मॉडेलमध्ये ढकलणारी मोटर असली तरी रॉडना ही मांडणी लागतेच. कोन 90 चा 89 झाला तर चालतं. तिन्ही एक्सलवर तो सारखाच हवा, यात मात्र तडजोड नाही. चौकोनी टोकांच्या एक्सलची रोमफर्ड पद्धतीची चाकं घेतलीस तर हा कोन आपोआप बसतो, पहिल्या इंजिनाला तीच घे. 

मग रॉड चढव आणि काचेवर ढकल. अडकलं तर सगळी भोकं मोठी करत सुटू नकोस. रॉड काढ, पुढची जोडी तपास, मग मागची, आणि जिथं अडतं तिथलंच एक भोक ब्रोचने (भोक मोठं करायच्या निमुळत्या हत्याराने) अगदी थोडं मोठं कर. काचेला किंचित उतार दिल्यावर चासी स्वतःहून खाली घरंगळली पाहिजे, अगदी कमी उतारावरसुद्धा. तोवर मोटर पाकिटातून काढायची नाही. मोटर अडथळा लपवते, आणि लपलेला अडथळा गिअर खातो.

बॉडीबद्दल थोडक्यात. चिमणी आणि डोम व्हाइट मेटलचे आहेत, साध्या इस्त्रीखाली ते बघता बघता वितळतील. त्यांना 70 अंशांना वितळणारं सोल्डर लागतं, आणि ते पितळेला धरत नाही म्हणून पितळेच्या जागेला आधी साध्या सोल्डरची कल्हई करून घ्यायची. रंग दिवाळीनंतर. आषाढ-श्रावणात स्प्रे मारलास तर हवेतली ओल रंगात धरते आणि पांढुरकी छटा येते. पितळेवर आधी एच प्रायमर (धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा पहिला थर), नाहीतर नखाने सोलून निघेल.

तुझं खरं स्वप्न वायपी, म्हणजे आपल्या मीटरगेजचं वाफेचं इंजिन, करायचं आहे, ते मी विसरलो नाही. तिचं किट शोधत बसू नकोस, ती पत्र्यातूनच घडवायची. त्यासाठी एक हिशोब करून ठेवलाय. फुटाला 5 मिलिमीटर धरले तर मीटरगेज होतो 16.4, म्हणजे तुझे आत्ताचेच रूळ चालतात. वायपीचं मोठं चाक 4 फूट 6 इंचांचं, या प्रमाणात 22.5 मिलिमीटर. इंग्लिश 4 मिलिमीटरच्या प्रमाणात 5 फूट 8 इंचांचं चाक भरतं 22.67. म्हणजे बाजारात मिळणारी चाकं लागू पडतील, फक्त आरे मोजून फोटोशी ताडून घ्यायचे. वायपी 4-6-2 (पुढं चार लहान चाकं, मध्ये सहा मोठी, मागं दोन), बाहेर सिलिंडर, बाहेर वॉलशार्ट्स व्हॉल्व्ह गिअर, म्हणजे सिलिंडरमध्ये वाफ सोडणाऱ्या झडपा हलवणारे दांडे. त्यातला रिटर्न क्रँक (मोठ्या चाकाच्या क्रँकपिनवर बसणारा लहान दांडा) पिनला सोल्डर करताना खालचा रॉड चिकटू नये म्हणून तेलात भिजवलेला कागदाचा वॉशर मध्ये घालतात. पण हे सगळं सहा चाकं सरळ फिरवता आल्यावर. म्हैसूरच्या रेल्वे म्युझियमला एकदा जाऊन ये, मोजपट्टी आणि वही घेऊन, आणि फोटो खाली वाकून चाकांचे काढ. समोरून काढलेले फोटो सगळ्यांकडे असतात.

गणपतीच्या आधीच्या रविवारी खानापूरहून सकाळच्या गाडीने ये. नुसती चासी आणि रॉड आण, मोटर घरीच असू दे. काच, व्हर्नियर आणि ब्रोच माझ्याकडे आहेत. सळ्यांसाठी एक्सलचं माप घेऊन आधी कळव, म्हणजे शनिवारी लेथवरून करून ठेवतो. आजोबांना जमत असेल तर त्यांनाही घेऊन ये, वायपीच्या रॉडवर तेलाचे कप नेमके कुठं होते ते मला त्यांच्याकडून कागदावर काढून घ्यायचंय.

तुझा,
उद्यमबागेतला काका