पिशवीतले अडीच लिटर पाणी

पत्र :

ताई, नमस्कार. आम्ही मूळचे नगरचे मराठी ख्रिस्ती कुटुंब असून बऱ्याच वर्षांपासून दक्षिण कॅलिफोर्नियात, सॅन बर्नार्डिनोजवळ राहतो. माझी 16 वर्षांची मुलगी एप्रिलच्या अखेरीस आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाबरोबर जोशुआ ट्री या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात तीन दिवसांच्या शिबिराला गेली होती. दुसऱ्या दिवशी मुलांना कॉटनवुड स्प्रिंगपासून लॉस्ट पाम्स ओएसिस या ताडांच्या झाडीपर्यंत चालत नेले. जाऊन-येऊन 12 किलोमीटर, वाटेत सावली नाही, वाळूत पाय रुततात, आणि त्या दिवशी तापमान 33 अंश होते. निघताना संघप्रमुखांनी सांगितले की इस्राएल लोक 40 वर्षे अरण्यात चालले, तुम्हांला एक दिवस चालायला काय हरकत आहे! बरोबर दोन पुरुष प्रमुख होते. एकच बाई आल्या होत्या, त्या स्वयंपाकासाठी छावणीत थांबल्या. परतताना माझ्या मुलीचे डोके भयंकर दुखू लागले, उलट्या झाल्या, चक्कर येऊन ती खाली बसली. तिला सांभाळत सांभाळत सगळे अंधार पडल्यावर पोहोचले. रात्री ती सावरली, पण आता संघातली मुले "तिला झेपत नाही" म्हणतात आणि ती जूनमधल्या डोंगरातल्या शिबिराला जाणार नाही म्हणते. तिच्या पिशवीतल्या तीन लिटरपैकी अडीच लिटर पाणी तसेच परत आले, पण बाहेर जाताना ती माझ्यासारखीच पाणी बेताने पिते, त्यामुळे त्यात नवल नाही. माझे पती म्हणतात, तिला पुन्हा पाठवलेच पाहिजे, नाहीतर ती भित्री होईल. मी मंडळीच्या पाळकांकडे (धर्मगुरूंकडे) लेखी तक्रार करावी, की मंडळीच बदलावी?

— एक आई

उत्तर :

तुमच्या पत्रातला बहुतेक मजकूर संघप्रमुखांबद्दल आहे, काही तुमच्या पतींबद्दल आहे आणि अडीच लिटर पाण्याला तुम्ही एक वाक्य दिले आहे. त्या वाक्याचाही शेवट तुम्ही "त्यात नवल नाही" असा करून टाकला. मला मात्र सगळ्या पत्रात त्याच एका गोष्टीचे नवल वाटले, म्हणून मी तिच्याविषयीच लिहिणार आहे.

अंगावर 33 अंशांचे ऊन, पायांखाली तापलेली वाळू, पाठीवर पाणी, आणि तरीही दिवसभरात जेमतेम अर्धा लिटर पाणी प्यायलेली 16 वर्षांची मुलगी पाणी प्यायला विसरलेली नसते. तहान माणसाला विसरू देत नाही. तिने प्रत्येक वेळी बाटलीकडे हात नेला असेल आणि प्रत्येक वेळी मनाशी हिशेब केला असेल : आता पाणी प्यायले तर तासाभराने लघवीला लागेल, मग कोणाला सांगायचे, जायचे कुठे, आणि दोन पुरुष आणि वर्गातली असावीत अशा वयाची मुले थांबून वाट पाहत असताना परत यायचे कसे? त्या वाटेवर शौचालय नाही. आडोसा म्हणाल तर ओकोटिओच्या काटक्या आणि क्रिओसोटची विरळ झुडपे; त्यांच्यामागे माणूस लपत नाही. त्यातून पाळीचे दिवस असतील तर तिचा तो हिशेब आणखी किती अवघड झाला असेल, याचा विचार तुम्ही आणि मी दोघीही करू शकतो. मी तुमच्या मुलीला विचारलेले नाही, हे खरे आहे. पण तुम्हीही विचारलेले नाही, हे पत्रावरून स्पष्ट दिसते, कारण विचारले असते तर तुमचे पत्र वेगळे झाले असते.

आता "माझ्यासारखीच" या तुमच्या कबुलीकडे येते. नगरहून पुण्याला एसटीने जाताना सकाळी चहासुद्धा अर्धाच कप घेणाऱ्या, आणि "वाटेत सोय नसते" एवढ्या एका वाक्यात मुलींना आयुष्यभराचे शिक्षण देणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. तुमच्या आईने तुम्हांला ते शिकवले, कारण स्टँडवरच्या शौचालयात पाय ठेवण्यासारखी स्थिती नसे, आणि ज्या शाळेत तुम्ही गेला असाल तिथेही बहुधा फार निराळे काही नसेल. तेव्हाची ती निरुपायाची तोड होती. त्या निरुपायाविरुद्ध बायकांनी मुंबईत 2011 पासून "राइट टू पी" या नावाने उघडपणे चळवळ चालवली, लघवी हा शब्द महापालिकेच्या कचेरीत मोठ्याने उच्चारला, आणि तुम्ही मात्र सात समुद्र ओलांडून, जिथे पेट्रोल पंपावरही स्वच्छ शौचालय मिळते अशा देशात, आईकडून मुलीकडे पाटल्या जाव्यात तशी ती सवय जपून मुलीच्या हवाली केलीत. शब्दांनी शिकवली नसेल, तरी घरातून निघण्यापूर्वी आई पेला अर्धा ठेवते हे मुलगी लहानपणापासून पाहत असते, आणि पाहून शिकलेले बोलून शिकवलेल्यापेक्षा पक्के बसते.

गाडीच्या प्रवासात ही सवय फार तर डोकेदुखीवर भागते. तिथेही तासन्‌तास लघवी रोखणे आणि पाणी कमी पिणे यांतून मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाट मिळते, पण ते राहू द्या. वाळवंटात तीच सवय जिवावर बेतू शकते. तिथली हवा इतकी कोरडी असते की घाम कपड्यांवर ओला दिसण्याआधीच वाळून जातो, आणि आपल्याला घामच येत नाही असे चालणाऱ्याला वाटत राहते. शरीरातले पाणी कमी झाले की रक्ताचे आकारमान घटते. मग त्याच थोड्या रक्ताने स्नायूही चालवायचे आणि कातडीपर्यंत उष्णता वाहून नेऊन ती बाहेरही टाकायची, अशी दुहेरी ओढाताण हृदयाला करावी लागते. डोके दुखणे, मळमळणे, उलटी होणे, चक्कर येणे ही त्या ओढाताणीची चिन्हे आहेत. तुमच्या मुलीला झाला तो उन्हाचा थकवा होता, आणि तो तिथेच थांबला म्हणून तुम्ही आज तक्रारीच्या मसुद्याचा विचार करू शकता. थांबला नसता तर पुढची पायरी उष्माघाताची असते. त्यात शरीराचे तापमान 40 अंशांच्या वर जाते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि तातडीने अंग थंड केले नाही तर तो दगावू शकतो. त्या उद्यानाचे अधिकारी प्रत्येक माणसाने दिवसाला निदान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास पाणी बाळगावे असे सांगतात, ते शोभेसाठी नाही. आणि यातली खरी चीड आणणारी गोष्ट अशी, की उन्हात चालताना प्यायलेले बरेचसे पाणी घामावाटेच निघून जाते. ज्या भीतीने पोरगी दिवसभर तहानेली राहिली, ती भीती तिथे निम्मी तरी खोटी होती, पण हे तिला कोणीच सांगितलेले नव्हते.

संघप्रमुखांचे म्हणाल तर ते दोषी आहेतच, आणि त्यात फार खोल जाण्याचे कारण नाही. मुलींना घेऊन पाच-सहा तासांच्या वाटेवर निघताना बरोबरची एकुलती एक बाई भांड्यांपाशी ठेवून जाणे हा निष्काळजीपणा आहे. "पाणी प्या, पाणी प्या" असे ते दिवसभर ओरडले असतील यावर माझा विश्वास आहे. परंतु प्यायलेल्या पाण्याचे पुढे काय करायचे, हे ते बोलले नसतील, याचीही मला तितकीच खात्री आहे. त्यांना पवित्र शास्त्रातला अरण्यवास इतका आवडतो, तर त्यांनी जुन्या करारातल्या "अनुवाद" या पुस्तकाचा 23वा अध्याय उघडून पाहावा. तिथे मोशे छावणीतल्या लोकांना स्वच्छ सांगतो की छावणीबाहेर एक जागा ठरलेली असावी, तुमच्या सामानात खणण्यासाठी एक हत्यार असावे, बाहेर बसायला जाल तेव्हा त्याने खड्डा करावा आणि नंतर तो बुजवावा. अरण्यातून लोकांना नेणाऱ्या पुढाऱ्याला हे सांगताना संकोच वाटला नाही आणि ते शास्त्रात लिहून ठेवणाऱ्यालाही वाटला नाही. 40 वर्षांचा दाखला देणाऱ्या माणसाने एवढ्या दोन वचनांवरून डोळे फिरवावेत, हे मला तुमच्या सगळ्या तक्रारीपेक्षा जास्त खटकले. पण मंडळी बदलून काय होणार? दुसऱ्या मंडळीतही तुमची मुलगी तीच बाटली भरून नेईल आणि तशीच भरलेली परत आणील. तुमच्या पतींना एवढेच सांगा की जी मुलगी तहान दाबून, एका शब्दाची तक्रार न करता वाळवंटात दिवसभर चालली, ती भित्री नाही, आणि तिला आणखी कणखर करण्याची कोणतीही गरज नाही.

"तिला झेपत नाही" हे मुलांचे बोलणे तिला लागले आहे, हे मी समजू शकते, आणि तिच्याबद्दल मला खरोखर माया वाटते. तिच्या पायांत बळ होते, फुप्फुसांत दम होता; ती वाट जाताना तिने पूर्ण केली, खाली खडकांतून उतरून त्या ताडांपर्यंत पोहोचली, आणि तो चढ पुन्हा चढूनही आली. खडकांतल्या ओलीवर वाढलेले ते पंखे-ताड पाहायला माणसे लांबून येतात. त्यांच्या सावलीत बसून तिने पाणी प्यायचे टाळले असेल, हे मनात आले की मला तुमचा राग येतो, आणि तो लपवण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

तुम्हांला मी एकच काम सांगते. तक्रार, मंडळी, जूनचे शिबिर हे सगळे बाजूला ठेवा आणि येत्या शनिवारी पहाटे मुलीला घेऊन घरामागच्या डोंगरातल्या एखाद्या साध्या वाटेवर निघा. पतींना घरी ठेवा. निघण्यापूर्वी स्वयंपाकघरात तिच्यासमोर उभे राहून दोन पेले पाणी प्या, आणि वाटेत तहान लागेल तेव्हा पीत राहा. एका दमात लिटरभर ढोसू नका. थोडे थोडे प्या आणि बरोबर खारे दाणे किंवा लिंबाचे लोणचे लावलेली पोळी असू द्या, कारण घामातून मीठही जाते आणि नुसते पाणीच रिचवत राहिले तर रक्तातले मीठ उतरून तेही धोक्याचे ठरते. मग तासाभराने किंवा दोन तासांनी, तुम्ही आयुष्यभर जे टाळत आलात ते करा. वाटेपासून आणि ओढ्यापासून साठ-सत्तर पावले आत जा, मोठा खडक शोधा, बसण्यापूर्वी काठीने आजूबाजूला पाहून घ्या, कारण तिथे रॅटलस्नेक असतात, आणि चोया निवडुंगाचे सुटे गोळे नुसत्या स्पर्शाने कपड्यांना चिकटतात. ते काढायला पिशवीत एक साधी फणी ठेवा, हातांनी ओढू नका. कागद पुरायचा नाही, कारण कोरड्या जमिनीत तो लवकर कुजत नाही आणि प्राणी उकरून काढतात. बंद होणाऱ्या पिशवीत घालून तो घरी आणायचा. सॅनिटरी पॅडचेही तसेच. ओढणी किंवा जुनी चादर बरोबर असली तर एकीने ती आडवी धरून पाठ फिरवून उभे राहिले की पुरते.

आणि आधी तुम्ही जा. मुलीला आधी पाठवून तुम्ही राखणदार झालात तर तिला वाटेल की ही सोय तिच्या लाजेसाठी केली आहे, आणि मग ती लाज आणखी घट्ट होईल. तिच्या हातात चादर द्या, "कोणी येत नाही ना, बघ" असे म्हणा, आणि हसू आले तर हसा. तुम्हांला ते जमणार नाही, गुडघे दुखतील, कोणी येईल अशी धास्ती वाटेल, मन चरफडेल, वाटू द्या. सगळ्यांसमोर हे सगळे एकटीने सोसण्याची वेळ तिच्यावर आली होती, तेव्हा तिच्या हाती चादर धरायला कोणी नव्हते.

परतल्यावर पाळकांना पत्र लिहावेसे वाटले तर मुलीला विचारून लिहा, आणि त्यात उलट्यांचे वर्णन न करता एवढेच मागा की मुली जिथे जातील तिथे एक बाई बरोबर चालेल, आणि कुठे कुठे थांबायचे ते निघण्यापूर्वी मुलगे-मुली सगळ्यांसमोर सांगितले जाईल. जूनच्या शिबिराला जायचे की नाही, ते तिला ठरवू द्या. शनिवारचे मात्र तिच्यावर सोडू नका, आणि तुमच्यावरही नाही. आज रात्रीच चादर आणि फणी पिशवीत भरून ठेवा.